लेजंड्स वाचायला घेतोयस? आधी एवढंच कर

प्रथमेश, लेजंड्सच्या पुस्तकांची ती लांबलचक यादी बघून घाबरू नकोस. 'स्टार वॉर्स'च्या जुन्या कादंबऱ्या-कॉमिक्सना लुकासफिल्मने एप्रिल २०१४ मध्ये 'लेजंड्स' म्हणून अधिकृत कथानकातून वेगळं काढलं. म्हणून त्या टाकाऊ ठरत नाहीत!

टिमथी झान यांच्या १९९१ च्या 'एअर टू द एम्पायर'पासूनच सुरुवात कर. त्यातला थ्रॉन शत्रूची चित्रं-शिल्पं निरखून तो कसा लढेल हे ओळखतो. असा खलनायक विरळाच. आणि मारा जेड, सम्राटाची हस्तक, ल्यूकला, म्हणजे मूळ चित्रपटांच्या नायकाला, संपवायचा हुकूम डोक्यात घेऊन वावरणारी. पुढचं तूच वाच.

नवीन माणसं हमखास इथे चुकतात:

- कथेतल्या कालक्रमाने वाचायला घेतात. हजारो वर्षांचा पसारा आहे, दमछाक होते. झान यांच्या या कादंबरीमालेचे तिन्ही भाग आधी संपव.
- आधी विकी उघडतात. सगळी रहस्यं फुटतात.
- दोन्ही कथानकांची सरमिसळ करतात. थ्रॉन २०१६ मध्ये 'रिबेल्स' मालिकेतून अधिकृत कथेत आला, पण त्याचा जुना इतिहास तिथे धरायचा नाही. मारा तर तिथे नाहीच.

गेम्स, कॉमिक्स नंतर बघू. ठाणे-सीएसएमटी स्लो लोकलमध्ये बसायला मिळालं तर एखादं प्रकरण आरामात होतं. रविवारी तलावपाळीला ये, पहिला भाग माझ्याकडचा देतो.