रॉटवायलर चावला, दोष कुणाचा?

"जातच तशी असते का, की आमचंच काही चुकलं?" चावणाऱ्या कुत्र्याचं जवळजवळ प्रत्येक घर मला हेच विचारतं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना पत्र लिहिलं, तेव्हापासून जास्तच. ते पत्र पुढे कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी रद्द केलं. लोकांची धास्ती मात्र तशीच आहे.

मी कुत्र्यांच्या वागण्यावर काम करते. असंच एक पुण्यातलं जोडपं सल्ल्याला आलं. त्यांचा रॉटवायलर, त्याला शेरू म्हणू, पाहुण्या चुलतभावाला चावला होता. हाताला टाके पडले.

"रक्तातच असतं हो मॅडम," नवरा म्हणाला.

"रक्तात कशाला? ह्यांनी बाल्कनीत बांधून बांधून त्याला तसा केलाय," बायको म्हणाली.

दोघं भांडत होती. शेरू टेबलाखाली तोंड वळवून सारखा ओठ चाटत होता. मी त्याच्याकडे बघत होते.

"चावण्याआधी काय झालं?"

"काहीच नाही. अचानक."

हे 'अचानक' मी कधीच मान्य करत नाही. तिसऱ्या भेटीत पुन्हा विचारलं, "आजवर एकदाही गुरगुरला नाही?"

"लहानपणी गुरगुरायचा की," बायको म्हणाली. "खाताना कुणी जवळ गेलं की. ह्यांनी नाकावर फटके देऊन ती सवय मोडली."

नवरा बराच वेळ बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "म्हणजे तो सांगत होता. मीच त्याला गप्प केलं."

माझं सगळं काम अशा एका वाक्यासाठी चाललेलं असतं. कुत्रा आधी नजर चुकवतो, ओठ चाटतो, जांभई देतो, मग ताठ होतो, मग गुरगुरतो. मारून गुरगुरणं थांबतं, भीती जागच्या जागी राहते, आणि पुढच्या वेळी थेट दात लागतात. म्हणून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला कधीही शिक्षा करू नका. मागे व्हा, आणि त्याला काय नको होतं ते शोधा.

पण म्हणून सगळा दोष मालकाचा, असंही मी म्हणू देत नाही. पिल्लू माणसांना, आवाजांना सरावतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. शेरू चार महिन्यांचा होईपर्यंत ब्रीडरच्या पिंजऱ्यात होता. हा काळ या दोघांच्या हाती आलाच नाही. आणि जात? २०२२ मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आलेल्या, अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या अभ्यासात कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीने उलगडला. जबड्याची ताकद मात्र जातीचीच, त्यामुळे रॉटवायलरच्या घरी जास्त सावध राहायलाच हवं.

शेरूच्या बाबतीत जात आणखी एका ठिकाणी नडली. चुलतभावाने त्याला कमरेवर थोपटलं होतं. मी शेरूला आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रेत खुब्याचा सांधा बिघडलेला निघाला, या जातीत हे पुष्कळदा दिसतं. कुत्रा मोठा झाल्यावर चावायला लागला तर शिकवणीआधी तपासणी करा, हे मी प्रत्येकाला बजावते.

आता शेरूला वेदनेचं औषध चालू आहे, बाल्कनीतली साखळी निघाली. पाहुणे आले की तो आतल्या खोलीत, किंवा सवय करून घातलेल्या मझलमध्ये, म्हणजे तोंडावरच्या जाळीत. परवा नवऱ्याचा फोन आला, "मॅडम, भाचा जवळ आला तर गुरगुरला. मी भाच्याला लगेच बाजूला घेतलं."

"उत्तम," मी म्हटलं, "आणि भाचा घरी असेपर्यंत दोघांना एका खोलीत ठेवू नका."