दहा वर्षं उभी असलेली यामाहा आरएक्स १०० बाइक घरीच सुरू करायची आहे, सुरुवात कुठून करू?

आधी किक मारू नका. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल) सोडा, रात्रभर मुरू द्या, मग किक हाताने हळू दाबून पिस्टन मोकळा आहे का बघा.

खरी मेख क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) ऑइल सीलमध्ये, म्हणजे रबरी कड्यांमध्ये असते. गाडी उभी राहिली की रबर कडक होतं, तिथून हवा आत शिरते, पेट्रोल-ऑइल कमी पडतं आणि पळत्या गाडीत पिस्टन जाम होतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही इंजिन जोरातच फिरत राहिलं आणि प्लग पांढरा निघाला, तर सील बदलाच. इंजिनला ऑइल पुरवणाऱ्या ऑइल पंपाच्या नळीतली हवा निघेपर्यंत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळा.

हँडल, सीट हौसेने बदला. चासी (गाडीचा सांगाडा) मात्र कृपा करून कापू नका. रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्या.