हरिपाठ येतो, पाणी मागता येत नाही

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे, पीसीबी ग्रुप. गाव कराडजवळ. बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांना लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. जीव दवाखान्यात वाचला, पण त्यांना उभं केलं ते घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट सरांनी. आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. सरांचं काम बघून मलाही फिजिओथेरपी करावीशी वाटते. मामा म्हणतात, मालिश करायला सायन्स कशाला हवं? एमबीबीएस नाही तर बीएएमएस कर, नावापुढे डॉक्टर तरी लागेल. आईला खर्चाची काळजी आहे. बाबांनी राजीनामा दिला तर फंडाचे पैसे येतील, असंही घरात चाललंय.
आणखी एक विचारायचं आहे. बाबांना माझं नाव घेता येत नाही, पाणी मागता येत नाही. पण संध्याकाळी आजीबरोबर हरिपाठ म्हणताना शब्द स्पष्ट येतात. एकदा चिडून शिवी दिली तीही स्पष्ट. ‘भात वाढू?’ विचारलं की ‘हो’ म्हणतात आणि भाकरीकडे बोट दाखवतात. मी चित्रं काढून त्यांच्याशी बोलते आणि कुठला शब्द कधी आला, काय कळलं, काय नाही, ते वहीत लिहून ठेवते. असं का होतं? आणि मी काय करू?

उत्तर: तुझ्या पत्रात फिजिओथेरपीबद्दल दोन-तीनच वाक्यं आहेत आणि ती सरांच्या कौतुकाची आहेत. बाबांच्या बोलण्याबद्दल मात्र तू लिहीतच गेलीस, वहीसुद्धा ठेवलीस. याकडे मी पुन्हा येणार आहे. आधी मामांचा मुद्दा निकालात काढू.

बाबांच्या हातापायाला काहीच झालेलं नाही. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला आणि तिथून उजव्या बाजूला जाणारे हुकूम थांबले. तार तुटली, दिवा शाबूत आहे. पण दिवा शाबूत राहतो तो तरी किती दिवस? न वापरलेला स्नायू झपाट्याने रोडावतो, सांधे धरतात, पडून राहिलं तर पाठीला जखमा होतात. सुरुवातीला हात लुळा असतो, मग काही आठवड्यांत बऱ्याच जणांचा तो उलट ताठरतो : कोपर दुमडलेलं, मूठ आवळलेली. पाय सरळ आणि कडक राहतो, म्हणून माणूस चालताना तो बाहेरून फिरवून टाकतो. बाबा तसं करत असतील तर बघ. म्हणजे मूळ इजा एक, आणि तिच्यातून शरीर स्वतःच्या नव्या अडचणी उभ्या करत जातं. डॉक्टर पहिल्या इजेशी लढतात, तीही घड्याळ लावून, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. नंतरच्या अडचणी महिनोन्‌महिने सोबत राहतात, आणि तिथे फिजिओथेरपिस्ट लागतो.

सरांना एकदा विचार, बाबांना उठवताना ते उजव्या हाताला धरून का ओढत नाहीत. खांद्याचा सांधा उथळ असतो, हाड जागेवर राहतं ते बरंचसं भोवतालच्या स्नायूंच्या जोरावर. स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकतो, आणि वरून कोणी प्रेमाने ओढून उठवलं की दुखणं कायमचं मागे लागू शकतं. घरोघरी हेच होतं, पाहुणे येतात, हात धरतात, ‘चला, उठा बघू’ म्हणतात. कुठला हात कुठे धरायचा, वजन कुठल्या पायावर घ्यायला लावायचं, चांगला हात मुद्दाम कधी थांबवून ठेवायचा म्हणजे दुखऱ्या हाताला काम करावं लागेल, हे सगळं शरीररचना, शरीरक्रिया आणि विकृतिशास्त्र शिकल्याशिवाय येत नाही. बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, हे तिन्ही विषय आहेत. मामांना मालिश दिसते, कारण बाहेरून तेवढंच दिसतं.

आपल्याकडे या शाखेचा जन्मच एका साथीतून झाला. 1952 साली मुंबईत पोलिओची साथ आली, हातापायांतली ताकद गेलेली मुलं मागे राहिली, आणि 1953 मध्ये केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. त्याआधी तिथेच, 1950 मध्ये, कमला निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं होतं. ती आणखी एक वाट, तिची पदवी बीओटीएच. बटण लावणं, घास तोंडात नेणं, पुन्हा कामावर बसणं हा तिचा प्रांत. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था 1955 ची, तिथे कृत्रिम हात-पाय आणि आधारपट्टे बनवण्याचं शिक्षणही मिळतं. मामांच्या कानावर हे घाल. बीएएमएसला माझा विरोध नाही, आयुर्वेदात रस असेल तर जरूर जा. नावापुढच्या दोन अक्षरांसाठी साडेपाच वर्षं घालवलेली मुलंमुली माझ्यासमोर बसलेली असतात, आणि त्यांचा प्रश्न फार अवघड असतो.

आता तुझ्या वहीकडे येते.

1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या सर्जनकडे एक रुग्ण आला. त्याला सगळं समजत होतं असं दिसायचं, पण तोंडातून ‘तान’ एवढाच आवाज निघायचा. काही विचारलं तरी ‘तान तान’, आणि राग अनावर झाला की मात्र एखादी शिवी. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते, हे त्यातून आणि पुढच्या रुग्णांवरून कळत गेलं. म्हणून उजवी बाजू आणि वाचा बऱ्याचदा एकदमच जाते. याला अफेझिया म्हणतात. जीभ जड होऊन शब्द बोबडे येणं वेगळं. त्यात शब्द सापडलेला असतो, नीट उच्चारता येत नाही. अफेझियात शब्दच हाती लागत नाही.

मग हरिपाठ कसा येतो? पाणी मागायचं तर आधी गरज मनात आणायची, शब्द शोधायचा, वाक्य जुळवायचं, मग आवाज. पाठ झालेल्या ओळींना यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. वर्षानुवर्षं म्हटलेल्या ओळी, एक ते दहा आकडे, वारांची नावं, शिव्या ही बोलणी एका दमात, ठरलेल्या चाकोरीतून येतात, आणि चाल व लय यांत मेंदूच्या उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो. तुझ्या बाबांची ती बाजू शाबूत आहे. याचाच उपयोग करून 1970 च्या दशकात बॉस्टनमध्ये एक पद्धत बसवली गेली : वाक्याला चाल लावायची, डाव्या हाताने ताल धरायचा, रुग्णाबरोबर म्हणायचं आणि हळूहळू चाल काढून घ्यायची. ती सगळ्यांना लागू पडते असं नाही, पण ज्यांना कळतं आणि बोलता येत नाही त्यांच्यात करून बघतात. आजी रोज संध्याकाळी त्यातली पहिली पायरी नकळत करतेच आहे.

आणि भाताला ‘हो’ म्हणून भाकरीकडे बोट, ही तुझी नोंद मला सगळ्यात मोलाची वाटली. अफेझियात ‘हो’ आणि ‘नाही’ यांची अदलाबदल फार होते. घरच्यांना वाटतं, माणूस भ्रमिष्ट झाला किंवा मुद्दाम करतो. तू बोटावर भरवसा ठेवलास, शब्दावर नाही, हे बरोबर केलंस. मात्र कळतं किती आणि बोलता येत नाही किती, हे वेगवेगळं तपासावं लागतं. त्यासाठी बाबांना एकदा स्पीच थेरपिस्टला दाखवा. दिवाळीपासूनच्या नोंदींची वही घेऊन जा, तिथे ती फार उपयोगी पडेल. उशीर झाला असं समजू नका. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं, पण भाषेतली सुधारणा पुढेही होत राहू शकते.

म्हणून माझा सल्ला असा की अर्ज भरण्याआधी बीएएसएलपीचा विचार कर, म्हणजे ऑडिऑलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. इंटर्नशिप धरून चार वर्षं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयाशी जोडलेलं विद्यालय आहे, पुण्यात भारती विद्यापीठात सोय आहे, आणि देशातली जुनी नावाजलेली संस्था म्हणजे म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, 1965 ची. तिची प्रवेशाची पद्धत वेगळी आहे, तिची जाहिरात स्वतंत्र बघावी लागेल. या कामात तुझं मराठी ही भांडवलाची गोष्ट आहे. इंग्रजी तक्त्यातलं सफरचंद आणि इग्लू दाखवून तुझ्या बाबांची तपासणी होणार नाही. त्यांना गिअर, डबल बेल आणि पिठलं दाखवावं लागेल. ग्रामीण भागात असं करणारं माणूस शोधायला किती फिरावं लागतं, ते तुम्हाला लवकरच कळेल.

पण निर्णय माझ्यावर टाकू नकोस. वडिलांच्या आजारपणातून आलेली ओढ खरी असते, टिकतेच असं मात्र नाही. बाबा आपले असतात, पुढचे रुग्ण आपले नसतात. त्यातले काही चिडके असतील, काहींची प्रगती एका जागी अडकेल, काही तिसऱ्या भेटीनंतर येणारच नाहीत. स्पीच थेरपीत मोठा भाग लहान मुलांचा असतो : ऐकू न येणारी, उशिरा बोलणारी, स्वमग्न. ते आवडेल का? बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं आणि तिथे स्पीच थेरपिस्ट व फिजिओथेरपिस्ट दोघंही असणं अपेक्षित आहे. साताऱ्याला सिव्हिलमध्ये चौकशी कर, परीक्षा झाल्यावर काही दिवस बसून बघू द्याल का विचार. सरांनाही त्यांच्या ओपीडीत येऊ का विचार. फिजिओथेरपीत दिवसभर उभं राहून माणसं उचलावी लागतात, ते अंगाला झेपतं का तेही समजेल.

खर्चाचं बोलू. बीपीटीएच, बीओटीएच, बीएएसएलपी या तिन्हींचे राज्यातले प्रवेश सीईटी कक्षामार्फत नीटवर होतात, त्यामुळे ‘एमबीबीएसला नाही जायचं’ म्हणून नीट सोडू नकोस. केईएम, नायर, सायन आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे फी खाजगीच्या तुलनेत बरीच कमी, पण जागा थोड्या आणि कटऑफ चढा. कराडमध्येच फिजिओथेरपीचं कॉलेज आहे, राहण्याचा खर्च वाचेल, पण ते अभिमत विद्यापीठाचं, तेव्हा फीचा आकडा आधी लेखी घ्या. बीपीटीएचचा कालावधी आजवर इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा होता. 2021 च्या केंद्रीय कायद्यानंतर अभ्यासक्रमांचे नियम बदलत आहेत, म्हणून तुझ्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कोणाच्याही तोंडी माहितीवर जाऊ नकोस, माझ्याही. सुरुवातीचे पगार छोट्या शहरांत बेताचेच असतात. आईला हे आत्ताच सांग, नंतर कळण्यापेक्षा बरं.

आणि राजीनाम्याचं. हे करिअरच्या सदरात बसत नाही, तरी लिहिते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे, त्याचं कलम 20 काढून वाचा. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर त्या माणसाला काढून टाकता येत नाही, पायरीही उतरवता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांपेक्षा जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचं, अशी त्यात तरतूद आहे. महामंडळाची बस चालवणारा माणूस यात बसतो. सिव्हिलमधून दिव्यांगत्वाचा दाखला काढण्यासाठी अर्ज करा, बाबांच्या संघटनेच्या माणसाला भेटा, गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकिलाचा सल्ला मोफत मिळतो का ते विचारा. हे सगळं होईपर्यंत राजीनाम्याच्या कुठल्याही कागदावर बाबांचा अंगठा किंवा सही घेऊ देऊ नका, विशेषतः समोरून येणारं ‘हो’ हे ‘हो’च आहे याची खात्री नसताना.