घरी शिकणाऱ्या मुलीची चिकटवही

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

घरीच शिकणाऱ्या तुझ्या लेकीसाठी वर्षाची चिकटवही करण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला. मात्र तू पाठवलेल्या आराखड्यातील विषयवार विभाग मला पटले नाहीत. गणित, भाषा, परिसर अभ्यास अशी विभागणी केलीस, तर ती वही नातेवाइकांपुढे ठेवण्याचे प्रगतिपुस्तक होईल, आणि लेकही तिच्याकडे त्याच धास्तीने पाहू लागेल. परीक्षेसाठी तर त्याची काहीच गरज नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसायचे झाल्यास वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि वयाचा दाखला द्यावा लागतो. बालपणीची चिकटवही तेथे कोणी मागत नाही. (मूळ दाखले वहीत चिकटवण्याचा मोह मात्र टाळ.)

वही जून ते मे अशी महिन्यांच्या क्रमाने लाव. दर महिन्याचे कागद एका मोठ्या लिफाफ्यात साठू देत, आणि महिनाअखेरीस दोघींनी बसून त्यांतले मोजकेच निवडा. शेवटचा शब्द लेकीचा असावा. तुला प्रिय असलेले सुबक हस्ताक्षर बाजूला सारून तिने तीन पायांच्या मांजराचे चित्र उचलले, तर तेच घ्यावे, आणि ते का ठेवले हे तिनेच तारखेसह खाली लिहावे. तिचे शुद्धलेखन तू सुधारू नयेस.

शाळेच्या वार्षिकात वर्गाचे छायाचित्र असते. तुझ्या लेकीला वर्ग नाही, पण शिकवणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्या मते या वहीचा खरा ऐवज तोच आहे. भाकरी थापायला शिकवणारी आजी, पोहण्याचे प्रशिक्षक, ग्रंथालयात पुस्तक शोधायला लावणाऱ्या बाई, पंक्चर कसे काढतात ते दाखवणारे सायकलवाले काका, यांपैकी प्रत्येकाला एक पान दे. त्या पानावर त्यांचे छायाचित्र त्यांना विचारून लाव, ती त्यांच्याकडून काय शिकली ते तिला लिहू दे, आणि दोन ओळी त्यांच्या हातच्या घे. लिहिण्याचा संकोच असणाऱ्यांचे बोलणे लेकीने उतरवून घ्यावे व खाली त्यांची सही घ्यावी. आपल्या शाळांतून निघणाऱ्या हस्तलिखिताप्रमाणे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि संपादकीयही असू दे; संपादकीय अर्थातच तिचे.

आता साहित्य. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असते, त्यामुळे कात्रण उजेडात पिवळे पडून ठिसूळ होते. त्याची चांगल्या कागदावर छायाप्रत काढून तीच लाव. यंत्रातून निघणाऱ्या एसटीच्या तिकिटावरची अक्षरे उष्णतेने उमटलेली असतात आणि काही महिन्यांतच पुसट होतात, म्हणून त्याची प्रत त्याच आठवड्यात काढावी. सेलोटेप अजिबात नको, कारण तिचा डिंक पुढे कागदात उतरून तपकिरी डाग पाडतो. फेविकॉल सढळ हाताने लावल्यास पान सुरकुतते. छायाचित्रांना कागदी कोपरे लावलेस तर ती पुढे सोडवताही येतात. त्यांच्या मागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलीने लिही. पाने-फुले रद्दीत दाबून, रद्दी बदलत, पूर्ण वाळल्यावरच वहीत घे, नाहीतर बुरशी धरते.

बांधणी शेवटी करायची असली तरी जागा आधीच सोडावी लागते. चिकटवलेल्या वस्तूंमुळे वही पुढून फुगते आणि मिटत नाही. म्हणून शिवणीच्या बाजूला दर दोन पानांमध्ये बोटभर रुंदीची जाड कागदाची पट्टी घाल, आणि डावीकडचा तेवढा समास कोरा ठेव. पावसाळ्यात वही माळ्यावर किंवा ओल येणाऱ्या भिंतीला टेकून ठेवू नकोस, कसर लागते. जूनची पाने तयार झाली की शिवण्याआधी मला दाखव. दोऱ्याचे आणि पुठ्ठ्याचे माप तेव्हा समोर बसून ठरवू.

तुझ्या लेकीची
मावशी