पहिला उपग्रह आणि चार वर्षांची पदवी

आपला दुसऱ्या वर्षाचा चमू कॅमेरा असलेला आणि स्वतःची दिशा स्वतः बदलू शकणारा उपग्रह दोन वर्षांत पूर्ण करू इच्छितो, तर सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. सुरुवात उद्दिष्ट लहान करण्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या ‘प्रथम’ उपग्रहाचे काम २००७ मध्ये आणि पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या ‘स्वयम्’चे २००८ मध्ये सुरू झाले, दोन्ही उपग्रह अवकाशात गेले ते २०१६ मध्ये. ज्यांनी पहिले आराखडे काढले, ते तोवर पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडले होते. जेमतेम १ किलो वजनाच्या ‘स्वयम्’मध्ये दिशा राखण्यासाठी मोटार किंवा चाके नव्हती. त्याऐवजी त्यात कायमचुंबक उपग्रहाला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत आणतो आणि हिस्टेरिसिस रॉड, म्हणजे डोलण्याची ऊर्जा शोषणाऱ्या चुंबकीय धातूच्या कांड्या, त्याचे डोलणे हळूहळू शमवतात. यासाठी ना वीज लागते, ना सॉफ्टवेअर. अशा उपग्रहाचा रोख हवा तेव्हा हव्या त्या ठिकाणी वळवता येत नाही, म्हणून ‘स्वयम्’चे काम हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी रेडिओचालकांच्या यंत्रणेवरून, संदेश पोहोचवण्याचे होते. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते.

दुसरी गोष्ट नोंदींची. मी विद्यार्थी असताना आमच्या प्रकल्पात उड्डाणावेळी अँटेना दुमडून बांधून ठेवणारा नायलॉनचा दोरा नंतर जाळण्यासाठी तापतारेतून (वीज सोडल्यावर तापणाऱ्या तारेतून) किती सेकंद प्रवाह सोडायचा, हे आधीच्या तुकडीने कडाक्याच्या थंडीतील चाचण्यांवरून ठरवले होते. मात्र त्याचे कारण कोणीही लिहून ठेवले नव्हते. वीज वाचवण्यासाठी आम्ही तो वेळ निम्मा केला आणि निर्वात कक्षातील चाचणीत दोरा तुटलाच नाही. अवकाशात असे घडले असते, तर अँटेना उघडलाच नसता आणि उपग्रह कायमचा मुका झाला असता. त्यामुळे प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे कारण लिहा आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आजच चमूत घ्या.

उपग्रहाआधी भूस्थानक, म्हणजे त्याचे संकेत टिपणारे जमिनीवरील रेडिओ केंद्र, उभारा. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह साधारण ९५ मिनिटांत प्रदक्षिणा पूर्ण करतो आणि एका फेरीत आपल्याला फार तर दहा-बारा मिनिटे दिसतो. आज कक्षेत असलेल्या हॅम उपग्रहांचे संकेत तेवढ्या वेळात टिपण्याचा सराव महाविद्यालयाच्या गच्चीवरून याच सत्रात सुरू करता येईल.