नव्या स्मार्टवॉचचे पहिले पंधरा दिवस: वाचकांचे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. सगळ्यांनी घड्याळ नुकतंच घेतलंय आणि दिवसरात्र हातात ठेवायला सुरुवात केलीय. घड्याळ बिघडलंय का, अशी शंका बहुतेकांना आली आहे. बिघडलेलं सहसा नसतं. मात्र ते काय मोजतं आणि काय नुसतं ताडतं, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

रोज सकाळी सहाला समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट हळू पळत चढतो. पहिली दहा मिनिटं घड्याळ नाडी १६५ दाखवतं. मी तर सहज बोलू शकतो, दम लागलेला नसतो. पुढे आकडा आपोआप १३०वर येतो. घड्याळ बदलून घेऊ का? वय ४८.
*एक वाचक, सातारा*

इतक्यात बदलू नका. १६५ ही तुमची नाडी नसून बहुधा तुमची पावलं आहेत. हळू पळताना मिनिटाला १६०-१७० पावलं सहज पडतात.

घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटाच्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश जरासा कमी होतो. हा चढउतार मोजून घड्याळ नाडी काढतं. पहाटेच्या गारठ्यात कातडीजवळच्या वाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे हा चढउतार फार क्षीण असतो. त्यात पावलागणिक घड्याळ मनगटावर आपटत असेल, तर त्या हिसक्यांचा ताल रक्ताच्या तालापेक्षा ठळक होतो आणि घड्याळ तोच धरून बसतं. अंग तापलं, रक्त कातडीकडे आलं की आकडा खाली उतरतो. तुमच्याकडे नेमकं हेच घडतंय.

खात्री करायची तर आकडा १६५ असताना एक मिनिट पावलं मोजा. मग लगेच थांबा, मानेवर दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते, म्हणून पूर्ण मिनिट मोजत बसू नका. पावलं घड्याळाच्या आकड्याशी जुळली आणि ठोके बरेच कमी भरले, तर चूक सापडली.

उपाय सोपा आहे. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जे हाड वर आलेलं असतं, त्याच्या एक ते दोन बोटं वर, कोपराकडे, घड्याळ बांधा. पळताना पट्टा एक घर घट्ट करा. घड्याळ ढकललं तर कातडीही सोबत हलली पाहिजे, पण बोटांना मुंग्या येता कामा नयेत. घरी आल्यावर ते घर पुन्हा सैल करा. स्वेटरची बाही घड्याळाखाली अडकू देऊ नका. निघण्याआधी पाच-सात मिनिटं घरातच हातपाय मोकळे करा. एवढ्याने बहुतेकांचं काम होतं. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी नाडी बघून सराव करायचा असेल, तर छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, प्रकाशावर अवलंबून नसतो. मात्र तो तुमच्या घड्याळाला जोडता येतो का, हे आधी विचारा. स्वस्त घड्याळांत ही सोय बहुधा नसते.

घड्याळ तुमची कमाल नाडी २२० वजा वय, म्हणजे १७२ धरतं. ही सरासरी आहे. धडधाकट माणसातही ती दहा-बारा ठोके इकडेतिकडे असते. म्हणून नाडी कमालीजवळ गेल्याची लाल खूण पडद्यावर दिसली की घाबरायचं कारण नाही. पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, ही जुनी कसोटी घाटात जास्त खरी ठरते.

मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात काम करतो. पांढरा पट्टा पिवळा झाला म्हणून कपड्याच्या साबणाने धुतला, तर लालसर झाला! आता टाकूनच द्यायचा का?
*एक वाचक, सांगली*

टाकू नका. हळद आणि चुना एकत्र केले की कुंकू होतं, तोच प्रकार तुमच्या पट्ट्यावर झालाय. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कुर्कुमिन. ते अल्कधर्मी पदार्थात लाल होतं आणि कपड्याचा साबण अल्कधर्मी असतो. लिंबाचे दोन थेंब चोळून बघा, लाली जाऊन डाग पुन्हा पिवळा होईल. मग लगेच साध्या पाण्याने धुवा.

पिवळेपणा काढायला आधी पट्टा घड्याळापासून सोडवा. मागच्या पिनेला बारीक खिट्टी असते, ती नखाने सरकवली की पट्टा निघतो. कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पट्टा पुसा. कापूस पिवळा होत जाईल, तसा बदलत राहा. उरलेल्या डागासाठी पट्टा रोज दोन-तीन तास उन्हात ठेवा. कुर्कुमिन उन्हात टिकत नाही. चार-पाच दिवसांत रंग चांगलाच फिकट होतो. हे फक्त सिलिकॉनच्या पट्ट्यासाठी. चामड्याला अल्कोहोल लावू नका. आणि घड्याळ स्वतः उन्हात ठेवू नका, आतल्या बॅटरीचं आयुष्य कमी होतं.

खरी काळजी पट्ट्यापेक्षा भुकटीची घ्यायला हवी. माइक आणि स्पीकरच्या बारीक भोकांत हळद बसली की फोनवर आवाज घुसमटल्यासारखा येतो. सुई किंवा टाचणी घालून ती उकरू नका. भोकामागे पाणी अडवणारा पातळ पडदा असतो. तो फाटला की घड्याळ पाण्याला कायमचं उघडं पडतं. कोरडा, मऊ टूथब्रश घ्या, भोकं खाली करून धरा आणि हलक्या हाताने झाडा. मागची काच रोज ओल्या फडक्याने पुसा, कारण भुकटीचा थर बसला की नाडीचा प्रकाश अडतो. कामासाठी काळा पट्टा घ्या. घड्याळाच्या दोन कानांमधलं अंतर पट्टीने मोजून जा, ते बहुधा २० किंवा २२ मिलिमीटर भरतं.

घड्याळात माझा रक्तदाब रोज १२०/८० च्या आसपास येतो, साखरही नॉर्मल दाखवतं. मग गोळ्या कमी करायला हरकत नाही ना? वय ६१.
*एक वाचक, वाई*

काका, कृपा करून गोळ्यांना हात लावू नका. या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे.

दंडाच्या यंत्रात हवेचा पट्टा फुगतो, धमनी दाबतो आणि दाब सोडताना आकडा मिळतो. तुमच्या घड्याळात फुगणारं काहीच नाही. ते नाडीच्या लाटेवरून आकडा ताडतं. बरीच स्वस्त घड्याळं तर वय आणि नाडी बघून १२०/८० च्या जवळपास काहीतरी दाखवत राहतात. गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधलं तरी काही घड्याळांत ‘रक्तदाब’ येतो. तुमचंही एकदा असं तपासून पाहा. सॅमसंगच्या घड्याळात ज्या देशांत ही सोय आहे, तिथेही आधी दंडाच्या यंत्राशी मेळ घालावा लागतो आणि तो दर २८ दिवसांनी पुन्हा घालावा लागतो.

साखरेचं तर अजूनच स्पष्ट आहे. सुई न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. असं एकही उपकरण त्यांनी मंजूर केलेलं नव्हतं. दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा. त्याची बारीक तार कातडीखाली जाते, आणि घड्याळ त्याचा आकडा फक्त दाखवतं.

घरी दंडावरचं यंत्र ठेवा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसा. हात टेबलावर, दंड छातीच्या उंचीला. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

घड्याळात ईसीजी असेल, तर तो ३० सेकंदांचा, एकाच बाजूने घेतलेला असतो. ठोके अनियमित आहेत का, एवढं त्यावरून कळू शकतं. हृदयविकाराचा झटका त्यात कळत नाही. छातीत दुखलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, घाम सुटला, तर घड्याळात बघत बसू नका, १०८ ला फोन लावा. पेसमेकर बसवलेला असेल तर चुंबकाचा चार्जर आणि घड्याळ छातीपासून किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवा.

तालमीत जोर मारताना घड्याळातून आपोआप घरी फोन लागतो. काय करू?
*एक मल्ल, पलूस*

जोर मारताना मनगट मागे वळतं आणि तळहाताची पाठ बाजूच्या बटणावर दाबली जाते. बटण बराच वेळ दाबलं की आणीबाणीचा फोन लागतो. घड्याळ दोन बोटं वर सरकवा. बटण कोपराच्या बाजूला येईल असं फिरवून बांधा आणि सेटिंगमध्ये बटणाची बाजू बदला. आकडे सरळ दिसतील. ती सोय नसेल तर घड्याळ दुसऱ्या हातात बांधून बघा. बैठकांची मोजणी पावलांत धरू नका. आखाड्यात उतरताना मात्र घड्याळ काढलंच पाहिजे. समोरच्याला लागेल, आणि तेल, ताक, हळद घातलेली माती बटणाच्या फटीत बसली की निघत नाही.

घराबाहेर पडायच्या आधीच माझी तीन हजार पावलं होतात. फक्त पोळ्या केलेल्या असतात! शिवाय पट्ट्याखाली लाल चट्टा उठलाय.
*एक गृहिणी, विश्रामबाग, सांगली*

घड्याळाला पाय दिसत नाहीत, हाताचे झोके तेवढे कळतात. कणीक मळणं, लाटणं, घासणं यांतली ठरावीक लय त्याला चालण्यासारखी वाटते. उलट भाजीची जड पिशवी धरून चाललात तर हात स्थिर राहतो आणि खरी पावलं सुटतात. खराब रस्त्यावर दुचाकी चालवली तरी पावलं वाढतात. घड्याळ कमी राबणाऱ्या हातात बांधा आणि ॲपमध्ये तो हात निवडा. मग मैदानावर २०० पावलं स्वतः मोजून चाला. १० पावलांपर्यंतचा फरक ठीक आहे. दहा हजारांचं लक्ष्य १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नव्हे. त्यामुळे आपल्या मागच्या आठवड्याशी तुलना करा. बांगड्या असलेल्या हातात घड्याळ नको. काचेला चरे पडतात आणि बांगड्यांच्या आपटण्याने नाडीही चुकते.

चट्टा बहुतेकदा अडकलेल्या पाण्याचा आणि भांड्याच्या साबणाचा असतो. धुणीभांडी झाली की घड्याळ काढा, हात आणि पट्टा साध्या पाण्याने धुवा, दोन्ही कोरडे करा. चट्टा जाईपर्यंत दुसऱ्या हातात बांधा. बक्कल टेकतं नेमकं तिथेच खाज असेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते. मग बक्कल नसलेला कापडी पट्टा घ्या. फोड आले तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

दोन तास झाले की व्हॉट्सॲपचे मेसेज घड्याळावर यायचे बंद होतात. येतात तेव्हा मराठीच्या जागी चौकोन.
*एक विद्यार्थी, कराड*

पहिला दोष घड्याळाचा नाही, फोनचा आहे. बॅटरी वाचवायला फोन मागे चालू असलेलं घड्याळाचं ॲप बंद करतो. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी या फोनमध्ये हे जास्त होतं. फोनच्या सेटिंगमध्ये घड्याळाचं ॲप उघडा. ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा, बॅटरीत ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ निवडा, सूचना वाचायची परवानगी द्या. मग अलीकडच्या ॲप्सच्या यादीत त्या ॲपवर कुलूप लावा. फोन अपडेट झाला की यातलं एखादं कलम परत बंद होतं, तेव्हा पहिल्यांदा इथेच बघा.

चौकोन दिसतात याचा अर्थ घड्याळात देवनागरीचा फॉन्टच नाही. घड्याळाचं सॉफ्टवेअर अपडेट करून बघा, कधीकधी त्यातून येतो. नाही आला तर बाहेरून सहसा घालता येत नाही. दुकानातच स्वतःला ‘कृष्णा, ज्ञानेश्वर, सज्जनगड’ असा मेसेज पाठवून बघायचा. काही घड्याळांत अक्षरं येतात पण जोडाक्षरं फुटतात, तीही यातून पकडता येतात.

कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी करतो. सकाळी सात तास झोपतो, घड्याळ दोन तासच धरतं.
*एक कामगार, कुपवाड*

काही घड्याळं रात्रीच्या ठरावीक तासांतलीच झोप धरतात. ॲपमध्ये झोपेची वेळ बदलता येत असेल तर सकाळची करा. ‘गाढ झोप’, ‘स्वप्नांची झोप’ हे आकडे मनावर घेऊ नका. ते हालचाल आणि नाडीवरून काढलेले अंदाज आहेत, झोपेचे टप्पे खरे कळतात ते मेंदूच्या लहरी मोजून. झोपायची आणि उठायची वेळ मात्र बऱ्यापैकी बरोबर असते.

कृष्णेत पोहताना घालू का? खोक्यावर आयपी६८ लिहिलंय.
*एक वाचक, मिरज*

आयपी६८ म्हणजे धूळ आणि पाणी आत न जाण्याचा दर्जा. नुसता तेवढाच असेल तर नको. त्याची चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यात होते. पोहायला किमान ५ एटीएम (पाण्याचा दाब सोसण्याचं माप) लागतं. तेही ५० मीटर खोल जाण्याची मुभा नव्हे, फक्त तेवढ्या स्थिर दाबाची चाचणी आहे. गरम पाणी, वाफ आणि साबण यांनी रबराच्या कडा ढिल्या पडतात, म्हणून आंघोळीला ५ एटीएमचं घड्याळसुद्धा काढून ठेवा. पोहून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, आणि मागच्या चार्जिंगच्या पिना पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय चार्जरला लावू नका. ओल्या पिनांतून वीज गेली की त्यांवर हिरवट थर चढतो आणि महिनाभरात चार्जिंग धरेनासं होतं. थर चढलाच असेल तर तो आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. ब्लेडने खरवडलात तर वरचा मुलामाही जातो.