फॉर्म्युला वन गाड्यांना पंख कशासाठी असतात?

उडायला नव्हे, जमिनीला चिकटून राहायला! विमानाचा पंख उलटा बसवला की हवा गाडीला खाली दाबते, टायरची पकड वाढते. १९६८ च्या बेल्जियम शर्यतीत फेरारी आणि ब्रॅबॅम या संघांच्या गाड्या पंख लावून उतरल्या. पुढच्याच वर्षी बार्सिलोनात लोटसच्या दोन्ही गाड्यांचे काडीसारख्या दांड्यांवरचे उंच पंख मोडले. लगेच त्यांवर बंदी आली.

माझ्या मते खरी कमाल लोटस ७९ या गाडीची. गाडीचा पोटाखालचा भागच पंखासारखा घडवलेला, कडांना रस्त्याला टेकणाऱ्या झालरी. खालून हवा वेगाने पळते, दाब घटतो, गाडी रस्त्याला ओढली जाते. १९७८ ला लोटसचा चालक मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला तो मुख्यतः हिच्याच जोरावर. पण झालर जरा उचलली की पकड गायब! म्हणून १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला. २०२२ मध्ये पोटाखालच्या पंखाची युक्ती परतली, आणि गाड्या सरळ रस्त्यावर बेडकासारख्या उसळू लागल्या.